वाटी आणि तिचा सुटा भाग

घरात आजीच्या आजीची चांदीची वाटी होती आणि तात्या रोज तिच्यात दुधात पाव कुस्करून खात, ही बाब कुटुंबाने अखेर गांभीर्याने घेतली.

"तात्या, अहो हा वारसा आहे! वारशात कुणी पाव कुस्करतं का?" मुलगा म्हणाला.

"मग काय वारशाला उपाशी ठेवू?"

सून समंजस. तिने वाटी संग्रहालयाला भेट देऊन टाकली. काचेच्या कपाटात वाटी, खाली पाटीवर मुलाचं नाव. तात्यांच्या वाट्याला प्लास्टिकचा वाडगा आला, पण त्यातला घास घशाखाली उतरेना. खंगत चाललेले तात्या दिवसभर त्या कपाटापुढे उभे राहू लागले.

"आजोबा, मागे व्हा. काचेवर वाफ धरतेय," पहारेकरी म्हणे.

"अरे, वाटी माझी आहे!"

"होती. आता सगळ्यांची आहे, म्हणून कुणीच हात लावायचा नाही."

हात न लागल्याने वाटी काळी ठिक्कर पडली. घासावी तर नियमाप्रमाणे तिचं जुनेपण झिजतं. न घासावी तर पाटीवरचा 'लखलखीत' हा शब्द खोटा पडतो. समिती बसली, चहा झाला, निष्कर्ष निघाला: वाटी रोजच्या वापराने चकाकत होती, सबब वापरकर्ता हा वस्तूचाच सुटा भाग असून तो देणगीदाराकडे नजरचुकीने राहिला आहे. तातडीने जमा करावा.

मुलाने तात्यांना जमा केलं आणि पोच घेतली.

आता तात्या काचेआड ऐटीत बसून दूध-पाव खातात आणि वाटी बोटाने निपटून लख्ख करतात. अंगावर मूठभर मांस चढलंय. रविवारी घरचेही तिकीट काढून आले.

"घरी कधी इतके खुलून जेवले नाहीत हो!" सुनेने डोळे टिपले.

"घरी समोर कोण बसायचं, बाई?" पहारेकऱ्याने विचारलं.

मुलगा काच ठोठावू लागला. "तात्या, घरी चला की!"

"काचेला हात लावू नका!" पहारेकरी ओरडला.

आत तात्यांनी हसून आणखी एक पाव मागितला.

गर्दी पाहून संग्रहालयाने सूचना लावली: 'जुनी भांडी वापरकर्त्यासह स्वीकारली जातील.' दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत रांग. पहारेकरी सांगतो, त्या रांगेत तुम्हीही होतात, म्हाताऱ्याचा दंड घट्ट धरून. भांडं तेवढं आणायला विसरला होतात.