आप्पांची केबिन

कारेगावच्या आमच्या कोवर्किंगमध्ये रोज सकाळी दहाला खुर्ची बदलावी लागते. काल खिडकीशी बसलेला आज प्रिंटरपाशी, प्रिंटरवाला पाण्याच्या जारजवळ. आप्पा स्वतः दारात उभे राहून सांगतात, "बूड हलवा रं, बूड हलवा."

कारण विचारलं की आप्पा आजोबांपासून सुरू करतात. वरवंडला आजोबांनी एकाला जमीन कसायला दिली, कायदा आला आणि कूळ मालक झालं. "एका जागी बसला की मानूस रुजतो," हे आप्पांचं ठाम मत. म्हणून या भाड्याच्या मजल्यावर टेबलं मांडताना त्यांनी शिरूरच्या वकिलाला बजावलं, करारात भाडेकरू हा शब्द दिसता कामा नये. इथं सगळे सभासद. सभासदाला वायफाय, पंखा, चहा मिळतो. जागा मिळत नाही. आप्पा आम्हा नऊ जणांची सर्वसाधारण सभाही घेतात. मला अनुमोदक म्हणून उभं करतात आणि चहात साखर कमी घालण्याचा ठराव मंजूर होतो.

मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. कामगारांचे पीएफचे फॉर्म ऑनलाइन भरून देतो. आधी टपरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. आप्पांनी हाताला धरून आत आणलं. शिक्षण विचारलं नाही. ते उपकार मी विसरणार नाही. पण खुर्ची रोज बदलते, गिऱ्हाईक मला शोधत फिरतं आणि कंटाळून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातं. त्यात सभासदाला सात दिवसांच्या नोटिशीवर उठवता येतं, हे करारात वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

अशात साळुंखे आला. इंजिनियर, मशीन तपासणीचा स्वतःचा धंदा. त्यानं सभासद व्हायला साफ नकार दिला. कोपऱ्यातली केबिन पोटभाड्यानंच हवी, नोंदणी केलेला अकरा महिन्यांचा करार हवा, कुलूप त्याचं. मला वाटलं आप्पा त्याला जिना दाखवतील. तर "अकरा म्हैन्यांत कोन रुजत न्हाई," म्हणत आप्पांनी बिल्डिंगमालकाची लेखी परवानगी आणून सही केली. दारावर पितळी पाटी लागली. साळुंखेची खुर्ची गरागरा फिरायची, पण जागची हलायची नाही. मी महिनाभर नुसता जळत होतो.

शेवटी धीर केला. शेजारची छोटी केबिन रिकामी होती. दुपारी आप्पा सगळ्यांसाठी स्वतः थापलेल्या भाकऱ्या लांब टेबलावर सोडतात. त्या दिवशी बाकीचे बाहेर गेले होते. मी म्हणालो, "आप्पा, मलाबी साळुंखेसारखा कागद करून द्या. उद्या तुम्ही उठीवलं तर मी कुठं जाऊ?"

आप्पांनी साळुंखेच्या दाराकडे पाहिलं. आतून कडी होती.

"पयल्या दिवशी म्या दार वाजीवलं, जेवाया बोलवाया," ते म्हणाले. "त्यो म्हनला, आत जेवतो. त्याचं बरोबर हाय, कागदानं जागा त्याची हाय." मग बराच वेळ ठेच्यात तेल कालवत राहिले. "घरी एकलाच जेवतो मी. तुला खोली दिली, तर तूबी दार लावशील."

उपकार आठवत होते, पण केबिनही हवीच होती.

"दार काढून ठेवू," मी म्हणालो. "नुसती पाटी लावू."

आप्पा वकिलाला फोन लावायला उठले. मग परत बसले.

"आधी जेव," म्हणाले.