सावलीसाठी स्थानिक रोपांची निवड

शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात सार्वजनिक वाचनालय आहे. वाचनालयाला पत्र्याचे छप्पर असल्यामुळे उन्हाळ्यात पुस्तके आत राहतात आणि वाचक बाहेर, चिंचेखाली. या व्यवस्थेबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की त्याच सावलीत गावच्या मोटारसायकलीही राहू लागल्या होत्या. म्हातारे वाचक उन्हात उभे आणि गाड्या गारव्याला, असा देखावा रोज दिसू लागला. तेव्हा निवृत्त ग्रंथपाल पोपट आबांनी पुष्कळ दिवस मनाशी घोळवून ग्रामपंचायतीला अर्ज दिला. चिंचेखाली सावलीत वाढणारी दोन-चार झुडपे लावावीत, म्हणजे गाड्या लागणार नाहीत आणि वाचकांना बसता येईल.

अर्ज देऊन घरी येईपर्यंत आबांना वाटू लागले, की तो द्यायला नको होता.

"घाबरताय कशाला?" त्यांच्या पत्नी भागुबाई म्हणाल्या. "आजवर तुमचं कुणी ऐकलंय का? आता बी न्हाई ऐकणार."

पण या वेळी ऐकले गेले, आणि तिथेच घोटाळा झाला.

ग्रामसेविका शितल मॅडम यांच्याकडे एक योजना पडून होती: 'उष्ण व दमट हवामानातील सावलीप्रिय स्थानिक वनस्पती उद्यान'. ती बहुधा कोकणासाठी निघाली असावी. परंतु आलेली योजना परत पाठवायची सोय कोणत्याही पोर्टलवर नसते. ताबडतोब समिती नेमण्यात आली. अध्यक्ष सरपंच सविताताई, म्हणजे अर्थात त्यांचे पती इंद्रजीतभाऊ. तज्ज्ञ सदस्य पोपट आबा, कारण वाचनालयातले वनस्पतींवरचे एकमेव पुस्तक त्यांनी वाचले होते आणि इतर कोणी ते वाचल्याचा पुरावा नव्हता.

"आपल्याकडे हवा उष्ण आहे, पण दमट नाही," पहिल्या बैठकीत आबा हळूच म्हणाले. "निदान मला तसं वाटतं. माझी चूकही असेल."

"चूकच हाय," इंद्रजीतभाऊ म्हणाले. "चारी बाजूनी ऊस, उसाला पाणी. आन् ह्यो माझा शर्ट बघा!"

शर्ट पाठीला चिकटला होता. 'हवेतील दमटपणाची पडताळणी अध्यक्षांच्या पतींच्या शर्टावरून करण्यात आली,' अशी नोंद मॅडमनी घेतली.

मग निवड सुरू झाली. आबांनी अडुळसा, शतावरी आणि रानहळद सुचवली. भाऊंनी कर्दळ सुचवली.

"कर्दळ मूळची अमेरिकेतली," आबा म्हणाले.

"काय बोलताय! आमच्या आजोळी विहिरीवर हाय की."

"असेल, पण मूळ अमेरिकेतलंच."

"आजोळ माझं पाटसला हाय, आबा!"

अखेर आबांची यादी मंजूर झाली. रोपे मात्र कासुर्डीच्या रोपवाटिकेतून येणार होती, म्हणजे नदीपलीकडून, दौंड तालुक्यातून. ती स्थानिक धरावीत का, असा प्रश्न मॅडमनी काढला.

"निम्म्या गावाच्या सुना नदीपलीकडच्या हायत," भाऊ म्हणाले. "त्यांना मतदान चालतंय. अडुळशाला तर नुसतं उभं ऱ्हायचंय."

रोपे लागली. नारळ फुटला, शाली झाल्या, मोटारसायकली खरोखरच हलल्या आणि आबा आठवडाभर चिंचेखाली खुर्ची टाकून वाचत बसले. त्यांना आपल्या सुखाची जरा लाजही वाटली.

मग योजनेच्या पोर्टलने मॅडमनी पाठवलेला बागेचा फोटो नाकारला. शेरा होता: 'प्रकाश अपुरा.'

"सावलीत प्रकाश कमीच असतो ना, मॅडम?" आबांनी विचारले.

"ते मला कळतं, आबा. पोर्टलला नाही कळत. बाग सावलीची आहे हे दिसायला आधी ऊन पाहिजे. एखादी फांदी काढावी लागेल."

योजनेच्या नियमानुसार स्थानिक झाडाच्या पानालाही हात लावता येत नव्हता. परदेशी झाडाला मात्र कोणतेच संरक्षण नव्हते.

"चिंच तर आपलीच," भाऊ आबांकडे वळले. "व्हय ना, आबा?"

'व्हय' एवढेच म्हणायचे होते. आबांच्या घशापर्यंत आलेही होते. परंतु छापलेल्या शब्दाविरुद्ध बोलण्याचे धाडस त्यांना जन्मात झाले नव्हते.

"पुस्तकात आफ्रिका दिलंय," ते पुटपुटले.

मॅडमनी तेही इतिवृत्तात लिहून घेतले.

"म्हंजी इतकी वर्सं आमच्या आमटीत आफ्रिका व्हती?" भाऊंनी विचारले. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

चिंच त्याच दिवशी परदेशी ठरली. एक फांदी निघाली, फोटो अंधुक आला. दुसरी निघाली, थोडा बरा आला. आबा रोज हात जोडून 'आता पुरे' म्हणायला जात आणि 'कसा आलाय फोटो?' असे विचारून परत येत. शेवटी नुसते खोड उरले आणि फोटो लख्ख आला. पोर्टलने तो तत्काळ स्वीकारला व पुढचा शेरा दिला: 'सावली आढळली नाही.'

तोवर रानहळद करपली होती आणि अडुळशाची काडी झाली होती. वाचक वीतभर सावलीसाठी भिंतीला पाठ लावून, पाय आखडून उभ्याने वर्तमानपत्र वाचत होते.

याच सुमारास इंद्रजीतभाऊंचा वाढदिवस आला. खोडाला दोन बांबू बांधून भला मोठा फ्लेक्स लावण्यात आला. त्यावर गॉगल लावलेले भाऊ हात जोडून उभे होते. फ्लेक्सची गडद, चौकोनी सावली पडली, आणि म्हातारे आपोआप तिच्यात सरकले. मॅडमनी तेवढ्यात फोटो काढला. पोर्टलने मान्य केला. प्रजाती पोर्टलने विचारली नव्हती, फक्त गुणधर्म विचारले होते. मॅडमनी फोटोतल्या म्हाताऱ्यांकडे बघत ते भरून टाकले. स्थानिक: होय. सावलीप्रिय: होय. वाढ: खुंटलेली. पाणी: चहाच्या स्वरूपात.

बागेला तालुक्यात पहिला क्रमांक मिळाला. प्रत्येक नमुन्यासमोर नावाची पाटी रोवण्यात आली. सकाळी आबा भाऊंच्या कपाळाच्या सावलीत बसत, दुपारी गॉगलच्या, आणि ऊन कलले की जोडलेल्या हातांच्या. अधूनमधून कोणी पाहुणे येऊन 'कोणतं खत घालता?' असे विचारत.

काळजी एकच होती. वाढदिवस संपला की फ्लेक्स उतरणार होता. तेव्हा आबा भाऊंकडे गेले आणि जन्मात प्रथमच न अडखळता बोलले.

"भाऊ, तुमचा वाढदिवस बारमाही करता येईल का?"

भाऊंचे डोळे भरून आले. "आबा, एवढं तर माझ्या घरच्यांनी बी न्हाई मागितलं. तुमचा फोटो टाकतो खाली. शुभेच्छुकांत."

नवा, दुप्पट मोठा फ्लेक्स लागला. तो पाहायला भागुबाईही आल्या.

"अवं, सावलीत या की," त्या म्हणाल्या. "डोकं तापंल."

पण सावलीतून फोटो दिसत नव्हता. आबा भर उन्हात, हाताचा आडोसा करून, खालच्या रांगेतला आपला चेहरा बघत उभे होते. बरा आला होता.

आबांना हसणाऱ्या वाचकाने एकदा आपल्या चौकात जाऊन यावे. तिथेही या घडीला कोणाचा तरी वाढदिवस असेल. झाड पूर्वी कुठे होते, हे त्याला आठवणार नाही. खालच्या रांगेत आपला फोटो का नाही, हा प्रश्न मात्र त्याला घरी येईपर्यंत पुरेल.