मास्तरांच्या मापाची गाडी

टेलरमास्तरांनी नव्या गाडीला टेप लावली, तेव्हा शोरूममधला विक्रेता आधी हसला आणि मग जरा घाबरला. मास्तर इतक्या गंभीर चेहऱ्याने गाडीभोवती फिरत होते, की आता ते तिला हात खाली सोडून सरळ उभी राहा म्हणतील असं वाटावं. आणि त्यांनी तसं सांगितलंच.

"आरसे मिटा हो जरा. माप घेताना हात अंगाला लागलेले पाहिजेत."

मास्तरांचं माप चुकत नाही, असा त्यांचा लौकिक होता. गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलावणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटे. त्यामुळे घराशेजारच्या गॅरेजमध्ये बसेल अशीच गाडी घ्यायची आणि तिचं माप मास्तरांनी काढायचं, यावर घरात एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

मास्तरांच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, गुडघे न वाकवता बसता येईल अशी उंच सीट हवी होती. बायकोला डिकी मोठी हवी होती आणि हॉर्न सभ्य. "लोकांच्या अंगावर खेकसणारा हॉर्न मला नको," ती म्हणाली. मास्तरांचा जीव मात्र छताच्या खिडकीवर जडला होता.

"आकाश बघायला गच्ची आहे की आपल्याला," बायको म्हणाली. "तिला पेट्रोलही लागत नाही."

"अगं, पण गच्ची चालत नाही!"

शेजारच्या काकांनी एके काळी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. आता ते नुसती मतं चालवत. "मास्तर, माझं ऐका. एक साइझ लहान घ्या. गाडीला मोकळं वाटलं पाहिजे."

हे मास्तरांना फार लागलं. "काका, ढगळ तर कुणीही शिवेल. वस्तू अंगाबरोबर बसली पाहिजे."

शेवटी उंच सीट, मोठी डिकी, सभ्य हॉर्न आणि छताची खिडकी, सगळं असलेली गाडी घरी आली. अण्णा मास्तरांचा फोन घेऊन फोटो काढायला गॅरेजपाशी उभेच होते. बायकोचा फोन घरात चार्जिंगला होता. अण्णांना कमी ऐकू येई, म्हणून मास्तरांनी त्यांना सकाळीच दोनदा ओरडून बजावलं होतं, "गाडी आत गेली की लगेच शटर ओढा. धूळ बसायला नको."

बायकोला शेजारी बसवून मास्तरांनी आरसे मिटले आणि गाडी हळूहळू आत घेतली. दोन्ही बाजूंना बोटभर जागा. नाक भिंतीपासून बोटभर, शेपूट शटरपासून बोटभर. मास्तरांचा ऊर भरून आला.

"बघ, याला म्हणतात फिटिंग!"

मागे खर्रकन शटर पडलं. अण्णांनी आज्ञा पाळली होती. स्वयंपाकघरात उघडणाऱ्या छोट्या दाराने दोघं घरात जातील असं समजून ते शेजाऱ्यांना गाडी बघायला बोलवायला निघूनही गेले. मास्तरांनी इंजिन बंद केलं. बायकोने दार उघडलं. टक्! दार भिंतीला लागलं.

"अहो, दार उघडत नाहीये."

"जोर लाव."

"कुणाला? भिंतीला?"

मास्तरांनी आपल्या बाजूचं दार ढकललं. तिकडेही टक्! मग मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तोंडावर अंधार. आयुष्यभर शिवलेल्या एकाही कोटाला ते बटणं विसरले नव्हते, आणि इथे दारं उघडायला जागा ठेवायलाच विसरले होते.

"धन्य आहे तुमची!" बायको कडाडली. "गिऱ्हाईक आत ठेवून कोट शिवलात! वाजवा आता हॉर्न."

"अजिबात नाही! अख्खी गल्ली गोळा होईल. काका सगळ्यांच्या पुढे असतील. मास्तरांचं माप चुकलं म्हटल्यावर उद्यापासून मला कापड कोण देईल?" मास्तर खरंच रडकुंडीला आले होते.

बायकोने हात लांब करून हॉर्न दाबला. "पीं," हॉर्न अदबीने म्हणाला.

"अगं, शिंकसुद्धा याच्यापेक्षा मोठी असते!"

"बोलू नका. मीच निवडलाय." तिने डिकीचं बटण दाबलं. डिकी शटरवर धप्पकन आपटली आणि अडून बसली. तिची मोठी डिकीही कामी आली नाही. मग दोघांचीही नजर सावकाश वर गेली.

"काही म्हणायचं नाही," बायको म्हणाली.

"मी कुठे काय म्हणालो?"

"चेहऱ्याने म्हणताय."

मास्तरांनी खिडकी उघडली. एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे. टेप काढायची गरजच पडली नाही. "तूच जा," ते पडेल आवाजात म्हणाले.

बायकोने चपला काढल्या, पदर खोचला, सीटवर उभी राहिली आणि कमरेपर्यंत बाहेर आली. नेमकं तेव्हाच शटर वर गेलं. समोर अण्णा, काका आणि निम्मी गल्ली!

"वहिनी?" काका म्हणाले. "वर काय करताय?"

आत मास्तर सीटवर घसरत घसरत पार खाली गेले. संपलं सगळं, त्यांना वाटलं. बायकोने खाली पाहिलं. नवऱ्याचे कान लालबुंद झाले होते. बोलायला आज तिच्याकडे इतकं होतं की महिनाभर पुरलं असतं. तिने ते सगळं गिळलं. तिला त्याची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही.

"काका, हे कधीचे म्हणत होते, छताची खिडकी घेऊ या. मीच नको म्हणत होते. पण काय वारा लागतो हो!"

"गॅरेजमध्ये?"

"मग रस्त्यावर किती लागेल, विचार करा!"

"आणि मास्तर का बसून राहिलेत?"

"त्यांना उतरवतच नाहीये गाडीतून," बायको म्हणाली, आणि यात खोटं काहीच नव्हतं. "अहो, घ्या बाहेर. सगळ्यांना एकेक चक्कर मारून आणू."

गाडी बाहेर आली ती पुन्हा कधी आत गेली नाही. कुणी विचारलंच तर बायको म्हणे, "कोंडून ठेवायला घेतलीय का गाडी?" रिकाम्या गॅरेजमध्ये तिने आपलं शिलाई मशीन थाटलं. काही दिवसांनी काका दुकानात आले आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "मास्तर, माझ्या पोटाचं माप घ्या जरा. आम्हीही खिडकीवालीच बघतोय."

गाडी उघड्यावर राहू लागल्यामुळे मास्तरांनी तिला कव्हर शिवायला घेतलं. टेप घेऊन ते गाडीपाशी गेले आणि या वेळी त्यांनी आधी आरसे उघडले. मग तिथूनच गॅरेजकडे बघत विचारलं, "अगं, अंगाबरोबर शिवू ना?"

मशीनवरून मान वर न करता बायको म्हणाली, "चार बोटं सैल ठेवा. आणि बटणं विसरू नका."