नवनाथचे दोन वडील

'तारायान' या परग्रहांवरच्या सिनेमांचा जाणकार पाहावा तर आपणच, असं नवनाथ कंपनीच्या बसमध्ये छातीठोकपणे सांगायचा. चाकणच्या कारखान्यात तो गाड्यांचे सुटे भाग तपासायचा. सिनेमे मात्र त्यानं तीनच पाहिले होते. गोष्ट सरळ होती. यानचालकाची बहीण दूरच्या ग्रहावर अडकते, तो जातो आणि तिला घेऊन येतो.

अशात जवळच्याच गावातून पूनमचं स्थळ आलं. मुलीला तारायानचं वेड आहे, असं मध्यस्थ म्हणाला. आपण सगळंच पाहिलंय, असा निरोप नवनाथनं धाडला आणि मग त्याला घाम फुटला. कारण त्या तिन्हींनंतर सिनेमावाल्यांनी आधीच्या काळाचे चार भाग काढले होते. शिवाय मामाची वेगळी मालिका, आजीची वेगळी! आठवडाभर बसमध्ये, जेवताना, दात घासतानाही त्यानं तेच पाहिलं. शेवटी नायकाला दोन वडील झाले आणि आजी नातवापेक्षा लहान निघाली.

पाहण्याच्या दिवशी पोहे झाले. मोठी माणसं बैठकीत बसली, मुलामुलीला ओसरीवर बसवलं. पूनमनं विचारलं, "नीट सांगा बरं, सगळं कसं जुळतं?"

नवनाथ सुटलाच. चहा घेऊन निघालेली पूनमची आई, सगुणाबाई, दाराआड थबकली. तिच्या कानावर आलं ते असं: "आधी वाटायचं हेच वडील. पण खरे वडील तुरुंगात आहेत. आईनं सांगितलंच नव्हतं. मामाचं तर दहावंही झालं होतं, आणि तो परत आला."

ट्रे तसाच घेऊन ती माघारी फिरली आणि नवऱ्याच्या कानाला लागली. धर्माजींचा चेहरा उतरला. समोर नवनाथचे वडील, चिमाजी, दुसऱ्यांदा पोहे खात होते.

"पाव्हणं, रागावू नगा," धर्माजी म्हणाले, "पर पोराचं खरं वडील तुमीच ना?"

चिमाजींना जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी बायकोकडे पाहिलं. ते पाहणंच चुकलं. कुसुमताई पदर खोचून उठल्या आणि निघायची भाषा करू लागल्या. गलका ऐकून नवनाथ धावत आला. दोन वडील, परत आलेला मामा, नातवापेक्षा लहान आजी, हे सगळं सिनेमातलं, असा खुलासा करता करता त्याला मान्य करावं लागलं, की आवडलेले भाग पहिले तीनच, बाकीचे त्यालाही कळले नाहीत.

पूनमला हसू आवरेना. "मी पण तीनच पाहिलेत," ती म्हणाली. "पुढचं कुणी समजावून देईल म्हणून तर विचारलं."

मग सगळेच हसले, अगदी शेवटी कुसुमताईसुद्धा. धर्माजींनी ठणकावून सांगितलं, की बहीण घरी आली तिथं गोष्ट संपली, पुढचा सगळा रिकामा उद्योग हाय. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

पाहुणे निघताना त्यांनी होणाऱ्या जावयाला गोठ्याकडे नेलं. नवनाथला वाटलं, आता काही कडक बोलणार. धर्माजींनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आजी नातवापरीस ल्हान कशी, तेवढं सांगून जा."