गॅर्युलस किताबाची हकीकत

शब्ददेवतेचे चरणी मस्तक ठेवोन, जैसे ऐकिले तैसे लिहिले. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमास. एके राज्यी ईशानीबाई राजकन्या, थोर बुद्धीची, तिणे समुद्रापार विद्येस जावयाचा मनसुबा केला. परंतु वाटेवर परीक्षा नामे किल्ला, आणि त्यावर अवघड इंग्रजी शब्दांची शिबंदी. पहिले स्वारीस बाईंनी घोकंपट्टी करोन चाल केली, आणि ऐन वेळी शब्द पसार जाहले, आणि बाई हात हलवीत परतल्या. मग वडिलांचा हुकूम जाहला की, दुसरे स्वारीसही न साधल्यास मनसुबा सोडावा आणि स्थळे पाहावी. बाई बहुत कष्टी जाहल्या.

तेव्हा आत्यासाहेब द्वारकाबाई, ज्यांचे मुखास विसावा ठाऊक नाही, बोलिल्या, "अगं, आपल्या घरात टोपणनावाशिवाय कोणी राहिलंय का? तुझे शब्द वाट की सगळ्यांना. मग बघ विसरतेस का."

मसलत मानली. चुलते साबणाचा पापुद्रा होईतो टाकीत ना, त्यांस 'पार्सिमोनियस', म्हणजे चिक्कू, किताब दिला. आणि बंधू दुपारपर्यंत लोळत, ते 'सोम्नोलंट', झोपाळू. आणि वडील आमटीत मीठ कमी पडता तांडव करीत, ते 'इरॅसिबल', शीघ्रकोपी. आणि आत्यासाहेबांस 'गॅर्युलस', म्हणजे अतोनात बडबडी. हा अर्थ मात्र त्यांस सांगावयास कोणी धजेना. त्यांस वाटले, मोठाच बहुमान. भिशीत आणि भाजीबाजारी सांगत फिरल्या, "ईशानीनं मला इंग्रजी पदवी दिली आहे."

मग दुसरी स्वारी जाहली. संगणकावर शब्द पुढे येई आणि त्यामागे घरचे माणूस उभे राही, आणि बाई गालात हसोन उत्तर देत. किल्ला फत्ते जाहला. घरी पेढे वाटिले, खुद्द वडिलांनी दोन खादले. आत्यासाहेबीं पुसिले, "माझा शब्द आला होता का गं?"

"आला होता, आत्या."

"अर्थ काय निवडलास?"

बाईंनी मान खाली घालोन सांगितले, "बडबडी."

आत्यासाहेब क्षणमात्र उगी राहिल्या. ऐसे पूर्वी घडले नव्हते. मग पेढा उचलोन बोलिल्या, "म्हणजे मी गप्प बसणारी असते, तर तुझा एक मार्क गेला असता."

अवघे पोट धरोन हसले, आणि आत्यासाहेब पुढे सांजवेळपर्यंत बोलत राहिल्या, आणि त्या दिवशी कोणी अडविले नाही. बाई समुद्रापार सुखरूप पावल्या. आत्यासाहेब नित्य फोन करितात. अधिक लिहावे तर तो किताब आम्हांसही मिळेल, सबब लेखणी ठेविली.