जाळ्याची खिडकी

जाळ्याला भोक दिसलं की सासूबाईंचे हात शिवशिवायचे. हयातभर त्यांनी बंदरावर फाटकी जाळी सांधली होती. त्यामुळे दारात पसरलेल्या जावयाच्या नव्या जाळ्याला हातभर भोक दिसल्यावर त्यांनी कुणाला विचारलं नाही. जावई उठायच्या आत त्यांनी ते असं बुजवलं, की इथे भोक होतं हे शपथेवर सांगूनही कुणाला पटू नये. जावई बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. तो घाईत उठला, जाळं गुंडाळलं आणि निघाला.

ते भोक म्हणजे खिडकी होती. कोळंबी जाळ्याच्या तळाशी राहते. तिच्याबरोबर सापडलेली पिल्लं आणि नको ती मासळी वर उसळते. तिला निसटता यावं म्हणून ही सोय. खिडकी नाही, तर यंदा कोळंबीचा परवाना नाही, असा नियमच निघाला होता. आणि तपासणीचे साहेब आज तांडेलाच्याच बोटीवर बसले होते.

जाळं पाण्यात सोडताना तांडेलाने खिडकी चाचपली, पुन्हा पुन्हा चाचपली. ती बुजलेली होती. टाके ओळखीचे होते.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"कुठं काय? साहेब, तिकडं बघा, डॉल्फिन."

साहेब डॉल्फिन शोधेपर्यंत तांडेलाने सुरी काढली आणि साहेबांवर नजर ठेवून अंदाजाने जाळं फाडलं.

जाळं वर येईपर्यंत बिचाऱ्याच्या जिवात जीव नव्हता. त्या फाटक्यातून कोळंबीच निघून गेली असली तर? पण जाळ्याच्या टोकाची पिशवी सुटली आणि फळ्यांवर नुसती कोळंबी पसरली. पिल्लं बोटांवर मोजण्याइतकी.

"खिडकी सरकारी नमुन्यापेक्षा बरीच मागे आहे," साहेब म्हणाले. "आणि कडा अशा का?"

"हातकाम आहे, साहेब."

"आमच्यापेक्षा हीच कामाची दिसते. तुमचा परवाना पक्का. उद्या बाकीच्या बोटी बघतो."

तांडेलाला हायसं वाटलं. सासूबाईंना चार शब्द सुनावायचे त्याने ठरवलं होतं, पण घरी पोचेपर्यंत राग पार विरघळला. उलट त्यांच्या पाया पडावं, असंच त्याला वाटू लागलं.

"आई कुठायत?"

"पलीकडच्या धक्क्यावर," बायको म्हणाली. "सगळ्यांच्याच जाळ्यांना भोकं पडलीत म्हणे. तिला दया आली, सुई घेऊन गेली. निम्म्या बोटी झाल्यासुद्धा."

तांडेलाने काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.

"घरातली सुरी घे," तो म्हणाला, "आणि चल माझ्याबरोबर."