पेंढ्याचं हरीण कुणाच्या दारी

“येत्या रविवारपर्यंत चोर पकडला नाही, तर अंगावरची वर्दी उतरवीन!”

गार्डसाहेबांनी ही गर्जना केली ती न्हाणीघरातून.

“आत्ता तरी कुठे आहे अंगावर?” बाहेरून बायको म्हणाली. “आणि वर्दीचं तुमचं तुम्ही बघा. माझं एकच सांगणं आहे. या खेपेला बदली झाली, तर तुम्ही एकटे जा. मी इथून हलायची नाही!”

ही थट्टा नव्हती बरं का! लग्न झाल्यापासून ती बिचारी या जंगलखात्याच्या माणसामागे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात फिरत होती. दर बदलीला निम्म्या कपबशा फुटायच्या. इथे, जंगलाच्या कडेच्या या एका गल्लीच्या गावात तिला दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली. अख्खी गल्ली तिला ‘बाई, बाई’ करत होती, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा लिंबाचं झाड लावलं होतं. लिंबू यायला वर्षं लागतात. झाड लावणारी बाई राहायच्या तयारीने आलेली असते, हे गार्डसाहेबांना कळत होतं. आणि बायकोशिवाय आपल्याला एक दिवसही राहता येणार नाही, हेही कळत होतं.

भानगड अशी होती की जंगलात रोज सकाळी बंदूक वाजायची आणि माणूस दिसायचा नाही. आज ससा गायब, उद्या हरणाचं पाडस गायब! मोठे साहेब खवळले. “बंदूक तुम्हाला ऐकू येते आणि बंदूकवाला दिसत नाही? रविवारी येतो. चोर दाखवा, नाहीतर बदलीचा हुकूम घ्या!”

पण गार्डसाहेबांनी युक्ती काढली होती. साहेबांच्या ऑफिसच्या हॉलमध्ये एक पेंढा भरलेलं हरीण उभं असायचं. काचेचे डोळे, एका कानाला कसर लागलेली, खाली चाकांची फळी. ते त्यांनी मागून आणलं. जंगलाच्या तोंडाशी उभं करायचं, आपण झुडपात बसायचं, आणि कुणी बंदूक रोखली की झडप घालायची! साहेबांनी हरीण दिलं, वर बजावलं, “जपा त्याला.” असं म्हणताना ते हरणाकडे बघत नव्हते. गार्डसाहेबांच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्डसाहेब झुडपात दबा धरून बसले. धुकं असं पडलं होतं की स्वतःचा हात पुढे केला तर तो परत येईल की नाही याची खात्री नव्हती. हरीण समोर अंधुक दिसत होतं, मान वळवून त्यांच्याकडेच बघत होतं. गार्डसाहेब जरा बाजूला सरकले. तरी ते त्यांच्याकडेच बघत होतं.

धुक्याचा एक लोट आला. कुठेतरी कुर्र... कुर्र... असा बारीक आवाज झाला. पक्षी असेल, असं त्यांना वाटलं. धुकं विरळ झालं.

हरीण नव्हतं!

गार्डसाहेब धावले. सवयीचा गुलाम माणूस, आधी त्यांनी खुरांचे ठसे शोधले! पेंढ्याच्या हरणाचे! ते कुठून असणार? चिखलही नव्हता, नुसतं वाळलेलं गवत, आणि त्यावर एक ओळ लवलेली, गावाकडे गेलेली.

गल्लीत पहिलं घर सुताराचं. सुतार दारातच उभा होता, पाठीमागे दार घट्ट ओढून.

“हरीण पाहिलंस का रे?”

सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. “तुमचं होतं होय ते? पाहिलं ना! असं समोरून चालत गेलं!”

“अरे, पेंढ्याचं आहे ते!”

“तेच म्हणतोय मी. पेंढ्याचं, आणि चालत गेलं!”

पलीकडे गिरणीवाला. तोही दार ओढून उभा. “माझ्या खिडकीशी आलं होतं साहेब. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. मग निघून गेलं.”

“कुठे?”

गिरणीवाल्याने शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवलं. शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याकडे. असं करत करत गार्डसाहेब शाळामास्तरांपर्यंत पोचले. मास्तर विज्ञान शिकवायचे. शिकलेला माणूस भेटला म्हणून गार्डसाहेबांना हायसं वाटलं.

“भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही,” मास्तर म्हणाले. “निर्जीव वस्तू बाहेरून बल लावल्याशिवाय हलत नाही.”

“मग?”

मास्तरांनी पाठीमागचं दार आणखी घट्ट ओढलं. “पण ते चालत गेलं.”

त्या दिवसापासून गावावर अवकळा आली. लोक हळू आवाजात बोलायला लागले. रोज नव्या घरची नवी हकिगत! कुणाच्या गोठ्यात ते गाईंच्या रांगेत उभं होतं आणि गाई एकही आवाज न करता दुसऱ्या कोपऱ्यात दाटल्या होत्या. कुणी म्हातारी मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेली, तर दोरीवरच्या चादरीमागे चार पाय दिसले. तिने चादर बाजूला केली नाही. घरात आली आणि अंथरूण धरलं. बंदूक मात्र एकदाही वाजली नाही. जंगलात इतकी शांतता झाली की गार्डसाहेबांना तिचीच भीती वाटायला लागली.

“धुक्यात माणसाला काहीही दिसतं,” बायको म्हणाली. “जेवा गपचूप.”

शनिवारी दिवेलागणीला ते गल्लीतून घरी येत होते. धुकं खाली उतरलं होतं, रस्त्यावरचा एकुलता एक दिवा त्यात पिवळा पडला होता. आणि त्या दिव्याखालून हरीण चाललं होतं.

चाललं म्हणजे, पाय हलत नव्हते! चारही पाय ताठ, मान वळलेली, काचेचा डोळा चमकतोय, आणि अख्खं हरीण हळूहळू आडवं सरकतंय! शिवाय ते कण्हत होतं. “हुं... हुं...” अगदी माणसासारखं!

गार्डसाहेबांनी शिट्टी तोंडात धरली. फुंकर मारली. पण छातीत हवाच राहिली नव्हती, शिट्टी कशी वाजणार? त्यांची पाचावर धारण बसली. चोराला पळवून लावायची आजवरची सगळी मेहनत त्यांनी स्वतः पळण्यात लावली, घरात शिरले आणि कडी घातली.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. व्यायाम.”

रविवार उजाडला. साहेब नऊला यायचे होते. चोर नाही ते नाहीच, वर हरीणही गेलं! आता बदली ठरलेलीच. बायको अंघोळीला गेली होती. गार्डसाहेब तोंड पाडून स्वयंपाकघरात गेले, चहाचं भांडं हातात घेतलं, नळाखाली धरलं आणि सहज खिडकीकडे बघितलं.

काचेला नाक लावून हरीण उभं होतं.

भांडं हातातून सुटलं. काच धुरकट झाली होती, वाफ धरल्यासारखी. ते श्वास घेत होतं! गार्डसाहेबांनी श्वास रोखला. वाफ विरायला लागली. सोडला, पुन्हा आली. असं दोनचारदा झाल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की वाफ आतल्या बाजूला आहे आणि ती आपलीच आहे.

मग त्यांना स्वतःचाच राग आला. राग आला की माणसाला धीर येतो. ते मागच्या दाराने बाहेर गेले आणि डोळे मिटून हरणाच्या पोटाला हात लावला. पेंढाच! एक काडी बोटाला टोचलीसुद्धा. त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं. चोर नाही तर नाही, निदान हरीण तरी साहेबांच्या ताब्यात देता येईल! आता याला बांधूनच ठेवतो, असं म्हणून ते घरात गेले. दोरी पलंगाखाली होती. ती ओढून काढली, धूळ झटकली, परत आले.

हरीण नव्हतं!

पण या वेळी अंगणात दव होतं, आणि दवावर चाकांच्या दोन रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. फाटकातून बाहेर, मास्तरांच्या कुंपणाकडे. गार्डसाहेब दोरी सावरत, वाकून, रेघांवर नजर ठेवून निघाले. पुढून धुक्यातून आवाज यायला लागला. कुर्र... कुर्र... “हुं... हुं...”

हरणाच्या मागे एक काळी आकृती होती. डोक्यावरून शाल ओढलेली, वाकून ढकलणारी!

“हात वर!” गार्डसाहेब ओरडले. “हललास तर याद राख!”

आकृतीने हात वर केले. शाल खाली पडली. ओल्या केसांतून पाणी गळत होतं.

“ओरडू नका हो,” बायको म्हणाली. “मास्तर उठतील.”

गार्डसाहेबांचा आ वासलेला तसाच राहिला. “तू? अगं, तू?”

“मग काय साहेब येईपर्यंत दारात उभं ठेवू? ज्याच्या दारात हे हरीण, त्याच्या घराची झडती, असं सगळ्या गावाला वाटतंय! आणि आपल्या घराची झडती झाली तर...” तिने मान खाली घातली. “तुम्ही गेला महिनाभर जी कोंबडी मिटक्या मारत खाताय ना, तिला चार पाय होते.”

गार्डसाहेब कुंपणावर टेकले.

“मी मागितलं नव्हतं हो! कुणाचा ताप उतरला, कुणाची मुलगी सुखरूप बाळंत झाली, की संध्याकाळी झाकलेलं भांडं घेऊन दारात उभे. ‘बाई, तुमच्यासाठी.’ नाही कसं म्हणू? इतक्या गावांतून फिरले, आजवर कुणी मला काही आणून दिलं होतं का?” तिचे डोळे भरून आले. “फ्रीजरमध्ये आहे अजून थोडं.”

“आणि चोर कोण?”

“सगळेच. गावात एकच बंदूक आहे, ती पाळीपाळीने फिरते. त्या पहिल्या दिवशी सुताराची पाळी होती. बंदुकीची दारू ओली झाली म्हणून त्याने धुक्यातून तुमच्या हरणावर झडपच घातली! हाताला पेंढा लागला. त्याला वाटलं, हा तुमचा सापळा, आणि हरीण तिथेच राहिलं तर पहिलं घर आपलं, पहिली झडती आपलीच. म्हणून घेतलं आणि गिरणीवाल्याच्या अंगणात सोडलं. गिरणीवाल्याच्या घरात काय कमी होतं? त्याने पुढे ढकललं. खाई त्याला खवखवे! सगळे येऊन सांगतात मला. नर्सपासून कोण काय लपवणार?”

म्हणजे काल ते कण्हत होतं, ते हरीण नव्हतं तर! गार्डसाहेबांनी वर पाहिलं. धुकं उठत होतं. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीचा पडदा बोटभर बाजूला झालेला होता. प्रत्येक फटीत एक डोळा होता, आणि कुणीही हलत नव्हतं. आठ दिवस हरणाला घाबरलेला तो माणूस आता गावाला घाबरला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! चोर दाखवावा, तर पहिला मुद्देमाल स्वतःच्या फ्रीजरमध्ये, बायको कोठडीत आणि आपण एकटे. न दाखवावा, तर बदली, बायको इथे, आणि तरी आपण एकटेच!

“मीच जाते साहेबांपुढे,” बायको म्हणाली. “तुमच्यावर बट्टा नको.”

“गप्प बस,” गार्डसाहेब म्हणाले, आणि शाल उचलून तिच्या खांद्यावर घातली. तेवढ्यात जीपचा आवाज आला.

साहेब उतरले. एव्हाना गल्लीही बाहेर आली होती, आणि मधोमध हरीण उभं होतं.

“चोर कुठे आहे?”

गार्डसाहेबांनी तोंड उघडलं. पण साहेबांपुढे खोटं बोलायची सवय नव्हती. शेवटी सुतारच पुढे झाला. “चोर पळाला साहेब. या हरणाला घाबरून! रोज सकाळी गावात फिरतं हे.”

साहेबांनी मातीने भरलेल्या चाकांकडे पाहिलं. “फिरतं म्हणजे?”

“चालतं साहेब!” सगळी गल्ली एका आवाजात म्हणाली. मास्तरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

गार्डसाहेबांना वाटलं, संपलं! पण साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी गार्डसाहेबांना बाजूला घेतलं.

“म्हणजे इथेही?” ते कुजबुजले. “कुणाला सांगू नका. माझ्या हॉलमध्ये हे संध्याकाळी दाराकडे तोंड करून असतं. सकाळी येऊन बघतो, तर माझ्या खुर्चीकडे! मला वाटायचं, आपलेच डोळे बिघडले.”

गार्डसाहेबांना ठाऊक होतं. ऑफिसातली झाडूवाली रोज हरीण सरकवून त्याखालचा केर काढायची. एक वाक्य बोललं की साहेबांची भीती गेली असती. पण त्या वाक्याला धरून दुसरं, तिसरं निघालं असतं आणि ओढत ओढत फ्रीजरपर्यंत आलं असतं. आळीमिळी गुपचिळी!

“बंदूक वाजली का नंतर?”

“एकदाही नाही साहेब.” हे मात्र खरं होतं.

“शाबास!” साहेबांनी खिशातून बदलीचा हुकूम काढला आणि टराटरा फाडला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. बायकोने डोळे पुसले. गार्डसाहेबांची छाती इतकी फुगली की वर्दीचं वरचं बटण तुटलं.

“पण एवढं गुणाचं हरीण एका जागी ठेवणं बरोबर नाही,” साहेब घाईघाईने म्हणाले. “आणि माझ्या ऑफिसात तर नाहीच नाही! तुम्ही याला घेऊन निघा. जिथे जिथे शिकार चोरीला जाते, त्या प्रत्येक गावात महिनाभर मुक्काम ठोका. आजच!”

“म्हणजे बदली, साहेब?”

“छे छे! बदली कसली? दौरा!”

“किती दिवसांचा?”

“जंगलं संपेपर्यंत.”

दुपारी जीपच्या मागच्या बाजूला गार्डसाहेब बसले. शेजारी दोरीने बांधलेलं हरीण, त्याचं नाक यांच्या खांद्यावर. बायकोने जेवणाचा डबा हातात दिला, मफलर नीट केला, दाराशी थोडी घुटमळली.

“जेवायला कुणी बोलावलं तर आधी विचारत जा, पाय किती होते ते.”

“हो.”

इंजिन सुरू झालं. ती जीपबरोबर चार पावलं चालली आणि हळूच म्हणाली, “अहो, बदली झाली असती ना, तर आलेच असते मी. ते आपलं रागात बोलले होते.”